संशोधकाची प्रश्नावली गावात येण्यापूर्वी

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधील, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतालच्या पट्ट्यातील, गावांत पर्यटनावरची प्रश्नावली घेऊन येणारे विद्यार्थी नवीन नाहीत. त्यांच्या प्रबंधाची प्रत गावात परत येणे मात्र दुर्मीळ. संशोधकाची बढती छापून आलेल्या लेखांवर अवलंबून असते आणि ते लेख बहुधा इंग्रजीत असतात. इकडे १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर, म्हणजे गाभ्याचे जंगल, पर्यटकांना बंद असताना दुसरी खोली बांधायची की नाही, हे होमस्टेवाल्याला ठरवायचे असते. प्रबंधाला काही वर्षे लागतात, या निर्णयाला तीन महिने मिळतात.

म्हणून सुरुवात स्वतःच्या वहीपासून करावी. दोनशे पानी वहीत प्रत्येक मुक्कामाची तारीख, माणसे, रात्री, पाहुण्यांना घर कसे कळले आणि त्यांच्यासाठी काय कुठून विकत आणले, एवढे लिहावे. शेवटचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण तोच सर्वांत मोलाचा. समजा, दोन पाहुण्यांनी एका रात्रीचे ३,००० रुपये दिले. त्यातले ६०० आरक्षण करणाऱ्याचे, ५०० चंद्रपूरहून आणलेल्या किराण्याचे आणि १०० बाटलीबंद पाण्याचे गेले, तर गावात १,८०० म्हणजे ६० टक्के उरले. बाहेर जाणाऱ्या पैशाला पर्यटनशास्त्रात गळती म्हणतात. तांदूळ, तुरीची डाळ आणि भाजी मिळून ३०० रुपयांचा माल गावातच घेतला, तर तोच आकडा ७० टक्क्यांवर जातो. हा हिशेब करायला विद्यापीठ लागत नाही, पण तो समोर ठेवला की विद्यापीठाचा माणूस बसून बोलतो.

आधी झालेले काम शोधायचे असेल तर शोधगंगा या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतील प्रबंध विनामूल्य मिळतात. ताडोबा, इकोटुरिझम हे शब्द तेथे इंग्रजी स्पेलिंगने टाकावेत. कॉलेजात जाणारी घरातील मुलगी हे काम तासाभरात करील. प्रबंध पहिल्या पानापासून वाचू नये. आधी शिफारशी वाचाव्यात आणि मग माहिती कधी व कोणाकडून गोळा केली ते पाहावे, कारण डिसेंबरच्या सुट्टीतील पाहुण्यांवरून काढलेला निष्कर्ष मे महिन्याच्या उन्हात लागू पडेलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कोअरमधील पर्यटन काही काळ थांबवले होते, आणि त्यानंतरच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के क्षेत्रापुरते मर्यादित केले. त्याआधीच्या प्रबंधातील सफारीचे आकडे जपूनच वापरावेत.

पर्यटनाचे अभ्यासक डॉक्सी यांनी १९७५ मध्ये मांडले होते की पर्यटकांबद्दलची स्थानिकांची भावना उत्साहाकडून उदासीनतेकडे, तेथून चिडीकडे आणि शेवटी उघड विरोधाकडे सरकते. आपले गाव यात कुठे आहे, हे ‘समाधानी’, ‘असमाधानी’ अशा पाच चौकटींतून एकीवर खूण करायच्या प्रश्नावलीत सहसा उमटत नाही. एकदा माझ्या शेजारी बसलेल्या, सफारीची जिप्सी चालवणाऱ्या चालकाने ‘समाधानी’वर खूण केली, कारण पाठीमागे वनविभागाचा माणूस उभा होता, घरी परतताना मात्र त्याने गाडी नेण्याची आपली पाळी किती दिवसांनी येते याची तक्रार अर्धा तास ऐकवली. मुलाखती घरी, एकेकट्याच्या घ्याव्यात, असे संशोधकाला आपणच सांगावे. रोवणी किंवा मोहफुलाच्या दिवसांत तर येऊच नये, कारण तेव्हा घरी सापडतो तो ज्याला काम नाही तो.

होकार देण्यापूर्वी ग्राम परिस्थितिकीय विकास समितीच्या, म्हणजे वनविभागासोबत काम करणाऱ्या गावसमितीच्या, बैठकीत कागद करून घ्यावा: पाहुण्यांची नावे मिळणार नाहीत, निष्कर्षांचा दोन पानी मराठी सारांश सप्टेंबरपूर्वी समितीला मिळेल आणि प्रश्नावलीत गावाचा एक प्रश्न असेल. बहुतेक विद्यार्थी हे आनंदाने मान्य करतात. त्यांना असे कोणी विचारलेलेच नसते. प्रश्न नेमका असावा. कोअरमधील सफारी मंगळवारी बंद असते आणि सोमवारची रात्र रिकामी जाते, तर पाहुण्यांना विचारावे: मंगळवारी सकाळी शेतात, तलावावर किंवा आठवडी बाजारात नेणारा कोणी असता, तर आपण आणखी एक रात्र राहिला असता का, आणि त्यासाठी किती रुपये दिले असते?