निनावी मतदार नोंदणी: या चुका टाळा

नवऱ्याचा मार चुकवून घर सोडलेल्या बायकांना मी इथे इंग्लंडमध्ये फॉर्म भरायला मदत करते. त्यातल्या बऱ्याच जणींकडे भारतीय पासपोर्ट आहे; कॉमनवेल्थ नागरिक म्हणून त्यांना इथे मताचा हक्क आहे. पण यादीत पत्ता आला की माग काढणं सोपं. म्हणून २००६ च्या कायद्याने निनावी नोंदणीची सोय केली: नाव-पत्त्याऐवजी फक्त ‘एन’ आणि नंबर.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे एकटीचाच फॉर्म भरणं. एका ताईंनी सगळं चोख केलं होतं. मग शिकायला आलेली धाकटी बहीण त्यांच्याकडे राहू लागली. कौन्सिलचं पत्र आलं, तिने फोनवरून पाच मिनिटांत ऑनलाइन नोंदणी उरकली. यादीत तिचं नाव, शेजारी घराचा पूर्ण पत्ता. मेहुणीचं नाव नवऱ्याला ठाऊक नसेल? ती ओळ वाचून माझे हातपाय गार पडले. ताईंनी दोन मुलांना घेऊन पुन्हा घर बदललं.

झटपट उरकण्याची घाई इथे जिवावर बेतते. निनावी अर्ज कागदावरच भरायचा असतो. मी आधी विचारते, घरात कोण कोण राहतं? सोळा वर्षांच्या मुलाचंही नाव घ्यायला लावते. धोका एकीला असला तरी त्याच पुराव्यावर घरातल्या इतरांनाही अर्ज करता येतो, प्रत्येकाने आपापला.

‘खुल्या यादीतून (कुणालाही विकत मिणाऱ्या यादीतून) नाव काढलं की झालं’ हे खोटं आहे. पूर्ण यादी देखरेखीखाली कुणालाही पाहता येते.

धोक्याचा पुरावा म्हणून जोडलेला कोर्टाचा आदेश अर्जाच्या दिवशी लागू असायला हवा. तो नसेल तर धोका खरा आहे अशी कुणाची तरी सही लागते; वकिलाची किंवा शेजाऱ्यांची चालत नाही. इन्स्पेक्टर किंवा त्यावरचा पोलीस अधिकारी, डॉक्टर, नर्स, रेफ्युजच्या (पीडित बायकांच्या आसरागृहाच्या) मॅनेजर यांची चालते. २०१८ पर्यंत पोलिसांत सुपरिंटेंडेंटच लागायचा, डॉक्टरांची सही चालतच नसे. जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) मात्र अपॉइंटमेंट घेऊन जा, रिसेप्शनवर चारचौघांत कहाणी सांगू नका.

नोंदणी १२ महिनेच टिकते. पुराव्याची सही पाच वर्षांपर्यंत ग्राह्य असू शकते, त्यामुळे बायका गाफील राहतात. मी वहीत दहाव्या महिन्याची तारीख लिहून ठेवते आणि स्वतः फोन करते.

केंद्रावर मत द्यायला २०२३ पासून पासपोर्ट पुरत नाही. निनावी मतदाराचं वेगळं ओळखपत्र लागतं, त्यावर फोटो आणि मतदार क्रमांक असतो, नाव नसतं. मतदानाच्या सहा कामाचे दिवस आधी, संध्याकाळी पाचच्या आत त्या ओळखपत्राचा अर्ज पोहोचवा. नाहीतर वेळेत पोस्टाने मत मागून घ्या.