पत्रा कापण्याआधी पाण्याची वाट शोधा

नोव्हेंबर लागला की मिशिगनमधल्या जुन्या गाड्या गॅरेजात शिरतात आणि एप्रिलपर्यंत बाहेर पडत नाहीत. थंडीचं त्यांना काही नसतं, भीती असते मिठाची. डेट्रॉइटच्या पोटात, जमिनीखाली सुमारे ११०० फुटांवर, मिठाची मोठी खाण आहे आणि तिथलं मीठ हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर पडतं. ज्या शहराने या गाड्या घडवल्या, त्याच शहराच्या मिठाने त्या खाल्ल्या. म्हणून हे पाच महिने आमच्याकडे पत्र्याच्या कामाचा हंगाम. याच सुमाराला कुणीतरी मराठी मित्र फोन करतो: जुनी फोर्ड मस्टँग घेतली, ग्राइंडरही आणला, आता कुठून सुरुवात करू? माझं उत्तर ठरलेलं आहे. ग्राइंडर खोक्यातच राहू दे. ही तयारी आधी कर.

मी १९६८ च्या मस्टँग हार्डटॉपबद्दल, म्हणजे पक्क्या छपराच्या गाडीबद्दल लिहितोय, कारण तीच माझ्या गॅरेजात आहे. काटेकोर मंडळी तिला मसल कार (दणकट इंजिनाची गाडी) न म्हणता पोनी कार (लहान, स्पोर्टी गाडी) म्हणतील. गंजाला तो फरक कळत नाही.

सुरुवात कागदांपासून करा. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या मागच्या कडेला एक छोटी पट्टी असते. तिच्यावर मूळ रंग, आतली सजावट, गिअरबॉक्स, सगळं सांकेतिक अक्षरांत लिहिलेलं असतं. गाडीच्या क्रमांकातलं दुसरं अक्षर कारखान्याचं: एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे मेटाचेन. माझी एफ आहे, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर जन्मलेली. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी मार्टी रिपोर्टमध्ये विकत मिळतात, तो जरूर मागवा. दरवाजा मागाहून बदललेला असेल तर पट्टी खोटं बोलते, रिपोर्ट बोलत नाही. आणि डाव्या मडगार्डखाली, इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यावर क्रमांक ठोकलेला असतो, त्याचे फोटो काढून तो भाग टेपने झाकून ठेवा. तो पत्रा कितीही सडलेला दिसला तरी क्रमांकाच्या जागी कटर लावायचा नाही. गाडीचा क्रमांक काढणं किंवा बदलणं हा अमेरिकेत केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.

आता मुख्य गोष्ट, पाणी. गंज जिथे दिसतो तिथे तो क्वचितच सुरू झालेला असतो. पायाखालचा पत्रा सडला म्हणून आपण नवा फ्लोअर पॅन मागवतो, दोन महिने खपून बसवतो, आणि पुढच्या पावसाळ्यात कार्पेट पुन्हा ओलं. १९६५ ते ६८ च्या मस्टँगमध्ये याचं मूळ बहुतेक वेळा काउलमध्ये असतं. समोरच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे ज्या फटी दिसतात, त्यांतून हवा आत जाते आणि पाऊसही जातो. आत दोन पत्र्यांची पोकळी आहे. खालच्या पत्र्याला हवेच्या भोकांभोवती उभे गळे आहेत, म्हणजे पाणी गळ्याच्या बाहेरून वाहत दोन्ही टोकांना जावं आणि मडगार्डच्या मागून खाली पडावं. कल्पना चांगली होती. पण पोकळी बंद असल्याने तिथे पानं साचतात, पानांचा चिखल होतो, चिखल ओल धरून बसतो, आणि गळे बुडापासून सडतात. मग पाणी थेट पायाशी. तिथे कार्पेटखालचं तागाचं अस्तर ते पिऊन घेतं आणि महिनोन्‌महिने पत्र्याला चिकटून राहतं. तिथून टॉर्क बॉक्स, म्हणजे दरवाजाखालचा भाग आणि रेल जोडणारी पत्र्याची पेटी, तिथून खालचे रेल, म्हणजे तळाचे उभे आधार. एका सडक्या गळ्याने गाडीचा अर्धा सांगाडा जातो.

म्हणून कार्पेट काढा, डॅशबोर्डखाली वर्तमानपत्रं पसरा आणि काउलच्या फटींत बागेचा पाइप हळू सोडा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. आत एक माणूस टॉर्च घेऊन आडवा पडलेला हवा. कागदावर पहिला थेंब कुठे पडला ते खडूने लिहा. मग समोरच्या काचेची रबरं, मागची काच आणि डिकीचं रबर याच क्रमाने तपासा. मागच्या काचेच्या खोबणीतून गळणारं पाणी डिकीत उतरतं आणि मागच्या चाकाच्या पुढेमागे साचतं. दरवाजाच्या आणि रॉकर पॅनेलच्या (दरवाजाखालच्या आडव्या पत्र्याच्या) तळाशी निचऱ्याची भोकं असतात, त्यांत तार घालून पाहा. वर व्हिनाइलचं छप्पर असेल तर त्याखाली नक्की पाहा. ते कापड ओलं झालं की लवकर वाळत नाही. उजवीकडे बॅटरीखालचा पत्रा वेगळ्या कारणाने गेलेला असतो, तिथे पाण्याबरोबर आम्लही असतं.

पाण्याचा नकाशा हाती आला की पत्रा चाचपायचा. मऊ कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक सगळ्या अंगावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली लांबी (खड्डे भरायचा लेप) आहे किंवा फायबर. कोल्हापूरला मामांच्या शेजारी डेंटिंगचं काम करणारे मिस्त्री होते. ते चुंबकाशिवाय, बोटाच्या पेराने पत्र्यावर टिचकी मारून सांगायचे, इथे लांबी भरलीय. ती टिचकी शिकायला वेळ लागतो, पण कान देऊन ऐका: पत्रा वाजतो, लांबी दबका आवाज देते. मग खालून टोच्याने टोचा. जोर लावून टोचा, दया नको. टोचा आत गेला तर तो पत्रा तसाही गेलेलाच होता. माझ्या गाडीच्या उजव्या क्वार्टर पॅनेलवर (मागच्या चाकावरच्या पत्र्यावर) आधीच्या कुणीतरी भोकावर फायबरचं कापड चिकटवून वर बोटभर लांबी थापली होती. आतून ओल, वरून झाकण. मूळ भोक पेरूएवढं असेल, माझ्या वाट्याला आलं ते ताटाएवढं. जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसतात तिथे फुगवटा शोधा. गंज लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, त्यामुळे सांधा फुगलेला दिसला की आतली कहाणी पुढे गेलेली आहे असं समजा.

फोटो आणि पिशव्यांबद्दल सगळेच सांगतात, मी थोडक्यात सांगतो: प्रत्येक बोल्ट नावाच्या पिशवीत, प्रत्येक पायरीचा फोटो, आणि पत्र्याच्या मागे घातलेल्या चकत्या कुठल्या बिजागरीखाली किती होत्या याची लेखी नोंद. दरवाजाची फट त्या चकत्यांवर ठरते.

आधार आणि मापं यांवर मात्र मी थांबणार आहे, कारण इथे मी स्वतः गाडी बिघडवली आहे. मस्टँगला वेगळी चासी नाही. फ्लोअर, रॉकर, रेल हे सगळं मिळूनच तिचा कणा आहे. माझ्या आधीच्या गाडीत मी घाईने एका बाजूचा रॉकर आणि फ्लोअर एकदम कापून काढला, आधार न देता. गाडी काही मिलिमीटर बसली. कापताना कळलं नाही. नवा पत्रा सुबक वेल्ड केला आणि दरवाजा लावला तेव्हा तो कुलपात बसेना, वरची फट करंगळीएवढी आणि खालची बंद. केलेलं सगळं पुन्हा कापावं लागलं. म्हणून कापण्याआधी गाडी सपाट जमिनीवर, चार भक्कम घोड्यांवर (जॅक स्टँडवर), सस्पेन्शनचा भार येतो त्याच जागी टेकवा आणि पाणसळ लावा. दरवाजे जागेवर असतानाच वरच्या, मधल्या आणि खालच्या फटी मोजून मास्किंग टेपवर लिहा. मग चौकोनी नळीचे आडवे-तिरपे आधार दरवाजाच्या चौकटीत टाके मारून बसवा, आणि दोन्ही बाजूंचे कर्ण मोजा. ते जुळले पाहिजेत. एका वेळी एकच बाजू उघडायची. उघड्या छपराच्या गाडीत हे दुप्पट काळजीने, कारण तिथे धरून ठेवायला वर काहीच नसतं.

नव्या पत्र्यांची मागणी गंजाचा नकाशा पूर्ण झाल्यावरच करा. मस्टँगचं भाग्य असं की तिचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आज नवा बनवून मिळतो. पण मिळतो म्हणून सगळाच घेऊ नये. चाकामागचा वीतभर भाग सडला असेल तर तेवढाच तुकडा लावावा. कारखान्यातून आलेली मूळ रेषा नव्या पत्र्यात क्वचितच तशीच्या तशी येते. पार्सल आलं की पेंट करू नका, आधी कोरडा बसवून पाहा, स्क्रूने धरून, दरवाजा-डिकी बंद करून. न बसणारा पत्रा वेल्डिंगने बसत नाही.

वेल्डिंगसाठी साधं मिग मशीन (तार सतत पुरवणारं वेल्डिंग यंत्र), ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर, ०.६ मिलिमीटरची तार. बाहेरचा पत्रा साधारण २० गेजचा, म्हणजे ०.९ मिलिमीटर. त्यावर सलग वेल्ड ओढला की तो पापडासारखा वळतो. म्हणून टाके घाला, इंचभर अंतर सोडून, एकदा इकडे एकदा तिकडे, हात लावता येईल इतकं थंड होऊ देत. गोधडी शिवणाऱ्या बाईसारखा धीर लागतो. कारखान्याने मारलेले वेल्डचे ठिपके सोडवायला स्पॉट वेल्ड कटर घ्या, चांगले दोन-तीन, कारण एकट्या काउलमध्येच एक बोथट होतो. गाडीला हात लावण्याआधी तेवढ्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर दोन शनिवार सराव करा.

आता जिवाच्या गोष्टी. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वेल्डिंगच्या जागेजवळही नको. त्याची वाफ तापली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. या मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीची वरची बाजू हाच डिकीच्या तळाचा भाग आहे, त्यामुळे मागे ठिणगी पाडण्याआधी टाकी पूर्ण उतरवून घराबाहेर ठेवा. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि तीच जास्त धोक्याची. बॅटरी काढा. आत चिकटवलेलं डांबरी अस्तर खरवडून टाका, नाहीतर पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला ते गुपचूप पेटतं. काम थांबवल्यावर अर्धा तास गॅरेज सोडू नका. इथल्या पुष्कळ घरांत पाणी तापवायचा गॅसचा बंब गॅरेजातच असतो. रंग किंवा थिनर उघडण्याआधी तो बंद करा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि छप्पर व क्वार्टर पॅनेलच्या सांध्यात कारखान्याने शिसंच भरलेलं आहे. त्यावर ग्राइंडर चालवून धूळ उडवायची नाही, हलक्या आचेवर वितळवून ब्रशने काढायचं. दोन भाग मिसळून वापरायच्या बऱ्याच रंगांत आणि प्रायमरमध्ये आयसोसायनेट ही श्वासाला घातक रसायनं असतात. कापडी मास्क तिथे शून्य कामाचा, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क नसेल तर ते काम रंगाच्या बूथमध्ये द्या. घरात लहान मुलं असतील तर कामाचे कपडे गॅरेजातच उतरवा.

गंज उतरवण्याचा मार्गही आधीच ठरवा. जाड भागांना, रेल आणि सस्पेन्शनला, वाळूचा मारा चालतो. बॉनेट, छप्पर, दरवाजा या सपाट पत्र्यांवर तोच मारा केला तर पत्रा लाटांसारखा उठतो. बिजागऱ्या, कंस यांसारख्या लहान भागांना धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरने गंज सोडवता येतो. धनाग्राला (चार्जरच्या + टोकाला) साधं लोखंड लावा, स्टेनलेस नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. या वेळी हायड्रोजन सुटतो, तेव्हा दार उघडं हवं. फॉस्फोरिक आम्लाने गंज काळा पडला की काम झालं असं वाटतं, पण ते नीट धुतलं नाही तर वरचा इपॉक्सी प्रायमर सुटतो.

उघडा केलेला पत्रा मिशिगनच्या दमट गॅरेजात एका रात्रीत तांबूस होतो. म्हणून जेवढं दिवसभरात प्रायमरखाली जाईल तेवढंच साफ करा. इपॉक्सीला ऊब लागते, पत्र्याचं तापमान साधारण १५-१६ अंशांखाली गेलं की तो नीट धरत नाही. नेमका आकडा डब्यावर असतो, तो पाळा. लांबी शेवटी, आणि ३ मिलिमीटरपेक्षा जाड नाही. जास्त लागत असेल तर पत्रा हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) यांचं काम अजून मागतोय.

तारखेचं ओझं घेऊ नका. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, हजारो जुन्या गाड्या रस्त्यावर येतात, आणि आपलीही त्यात असावी असं कुणाला वाटणार नाही? पण त्या तारखेसाठी काउल तसाच ठेवून वरून रंग मारलेली गाडी मी पाहिली आहे. तिसऱ्या वर्षी तिच्या दरवाजाखाली फोड होते.

यादीतली शेवटची वस्तू म्हणजे तो वर्तमानपत्रांचा गठ्ठा, टाकून देऊ नका. काउलचे नवे गळे बसले, सांधे सीलरने भरले, रंग वाळला, की वरचा पत्रा वेल्ड करण्याआधी कागद पुन्हा पायाशी पसरा, काउलमध्ये दोन बादल्या पाणी ओता आणि झोपायला जा. सकाळी कागद कोरडा असेल तरच झाकण लावायचं.