छातीत भरपूर रक्तपुरवठ्याची गाठ दिसली तर सुई टोचायच्या आधी हे करा

सीटीत हृदयाजवळ गाठ दिसली आणि कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर ती एकदम चमकली तर बायोप्सीला (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं) लगेच हो म्हणू नका, कारण ती पॅरागॅन्ग्लिओमा (मज्जासंस्थेशी संबंधित पेशींपासून वाढणारी दुर्मिळ गाठ) असू शकते, ह्यात रक्त तर भरपूर असतंच पण काही गाठी बीपी वाढवणारं हार्मोन नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडतात आणि सुई टोचली की बीपी भयानक चढू शकतं.

आधी मेटानेफ्रिनची (अशा हार्मोनपासून शरीरात बनणारे पदार्थ) टेस्ट करून घ्या, रक्ताची किंवा २४ तासांच्या लघवीची. डोकं ठणकणं, धडधड, दरदरून घाम असे झटके येत असतील तर डॉक्टरांना नक्की सांगा, बरेच जण टेन्शन समजून सोडून देतात.

टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ऑपरेशनची घाई नको. साधारण ७ ते १४ दिवस आधी अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करून बीपी उतरवणारं औषध) सुरू करतात, सोबत पाणी आणि मीठ वाढवतात, बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारं औषध) लागलाच तर त्यानंतर, तो आधी दिला तर बीपी उलट वाढतं, हा क्रम चुकवायचाच नाही!!

गाठ हृदयाला चिकटलेली असेल तर हार्ट-लंग मशीन (ऑपरेशनवेळी हृदय-फुफ्फुसाचं काम करणारं) तयार ठेवणार का हे सर्जनना स्पष्ट विचारा. आणि गाठ निघाल्यावर जेनेटिक टेस्ट कराच, एसडीएचबी ह्या, अशा गाठींशी संबंधित जीनमध्ये दोष निघाला तर घरच्यांचीही तपासणी लागते.