कोकणातल्या घराच्या खिडक्या बदलताना

खिडक्या बदलण्याचा बेत बहुतेक घरांत दिवाळीनंतर आखला जातो, पण कोकणात त्याची पहिली पायरी भर पावसात उरकलेली असावी. जुलै-ऑगस्टमध्ये नैर्ऋत्येचा वारा पावसाला आडवा मारत असतो, तेव्हा प्रत्येक खिडकीपाशी उभे राहून पाणी नेमके कुठून आत येते ते पाहावे: झडपांच्या फटीतून, चौकट आणि भिंत यांच्या सांध्यातून, की वरच्या छज्ज्याच्या मुळातून. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. छज्ज्याच्या जोडातून झिरपणारे पाणी कितीही महाग खिडकी बसवली तरी थांबणार नाही, म्हणून ओल कुठवर उतरते त्याची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि पुढे गवंड्याला तीच दाखवावीत.

पावसाळा संपल्यावर जुन्या चौकटी तपासाव्यात. खालच्या दोन कोपऱ्यांत स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. ते सहज आत गेले किंवा लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजले, तर वाळवी किंवा कूज आत शिरली आहे असे समजावे. मात्र जुन्या घरातली सागाची चौकट निरोगी असेल तर ती काढू नये, केवळ झडपा, बिजागऱ्या आणि तावदाने बदलावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. तसा जुना, मुरलेला साग आज सहज मिळत नाही आणि चौकट उपटताना चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत मोडते ती वेगळीच.

साहित्य निवडताना खाऱ्या हवेचा विचार आधी करावा. यूपीव्हीसीला, म्हणजे खिडक्यांसाठी वापरतात त्या कडक प्लास्टिकला, गंज किंवा वाळवी लागत नाही. पण त्याचा ताठपणा पोटातल्या लोखंडी पट्टीवर अवलंबून असतो, म्हणून ती पट्टी आहे का आणि तिला जस्ताचा मुलामा आहे का, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे. ॲल्युमिनियमवर चांगले पावडर कोटिंग (भुकटी रंगाचा भाजून पक्का केलेला थर) हवे आणि त्यात साधे लोखंडी स्क्रू कधीही वापरू नयेत, कारण दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की झीज वेगाने होते. स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात. समुद्र अगदी जवळ असेल तर ३०४ ऐवजी ३१६ प्रतीच्या, कारण तिच्यातले मॉलिब्डेनम क्षारांपुढे अधिक टिकाव धरते.

सरकती खिडकी जागा वाचवते, पण ती एका वेळी अर्धीच उघडते आणि वाऱ्याने रेटलेले पाणी तिच्या खालच्या खाचेत साचते; बाहेरच्या बाजूला निचऱ्याची भोके नसतील तर ते घरात ओघळते. पश्चिम आणि दक्षिण बाजूंना म्हणून रबरी पट्टीवर घट्ट दाबून बसणारी झडप मला योग्य वाटते. तिची कडी आणि बिजागरी भक्कम हवी. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग वादळात असंख्य घरांची छपरे उडाली. वाऱ्याकडची खिडकी निखळली की वारा आत शिरून छपराला खालून रेटा देतो, हे लक्षात ठेवून पैसे कमी असतील तर आधी त्याच बाजूच्या खिडक्या घ्याव्यात.

माप भिंतीच्या उघड्या भागाचे घ्यावे. रुंदी वर, मध्ये आणि खाली, तर उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मोजून त्यांतले सर्वांत लहान माप धरावे. दोन्ही कर्णही मोजावेत, कारण जुन्या चिऱ्याच्या भिंतीत काटकोन क्वचितच सापडतो. टफन केलेली, म्हणजे तापवून मजबूत केलेली, काच नंतर कापता येत नाही, त्यामुळे मापातली चूक म्हणजे नवी काच.

सगळ्यात जास्त लक्ष चौकट आणि भिंत यांच्या सांध्याकडे द्यावे, कारण गळती बहुधा तिथूनच सुरू होते. जांभा पाणी शोषतो आणि त्याची कड ठिसूळ असते. स्क्रू थेट त्यात धरत नाहीत. आधी उघड्या भागाच्या कडा काँक्रीटने किंवा चांगल्या सिमेंट गिलाव्याने सरळ करून घ्याव्यात, त्या पूर्ण वाळू द्याव्यात, मगच चौकट बसवून फट फोमने भरावी आणि बाहेरून हवामान सोसणारे सिलिकॉन लावावे. खालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूस उतार हवा आणि त्याच्या पुढे आलेल्या कडेखाली पाणी तुटण्यासाठी खाच हवी. ओल्या सिमेंटने ॲल्युमिनियमवर डाग पडतात, म्हणून संरक्षक पट्टी गिलावा होईपर्यंत काढू देऊ नये.

भिंती डिसेंबरपर्यंत पुरेशा वाळतात आणि ओल्या भिंतीवर सिलिकॉन चिकटत नाही, तेव्हा मागणी त्या सुमारास नोंदवून काम मार्चअखेर संपवावे. एप्रिल-मेमध्ये पावसापूर्वीच्या कामांमुळे गवंडी आणि सुतार दोघेही मिळणे कठीण होते. फ्लॅट असेल तर बाहेरून दिसणारा रंग आणि ग्रिल यांबाबत सोसायटीची लेखी परवानगी आधीच घ्यावी.

दरपत्रकात चौकट, काच, बिजागऱ्या, मच्छरजाळी, जुने काढणे, गिलावा आणि वाहतूक हे खर्च वेगवेगळे लिहून मागावेत. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी बाहेरून नळीने पाणी मारून पाहावे: आधी खालच्या सांध्यावर, मग बाजूंवर आणि शेवटी वर, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे थांबून, म्हणजे आत पहिला थेंब दिसताच दोष कोणत्या सांध्यात आहे ते कारागिरासमोरच कळते.