जुन्या हवाईयन वादकांची ट्यूनिंग आपल्या गिटारवर कशी लावायची

आपल्याकडं भजनी मंडळात पेटी वाजवणारे कितीतरी जण हवाईयन गिटार शिकायचं म्हणतात आन ट्यूनिंगची ती इंग्रजी अक्षरं बघून सोडून देतात. ज्याला सा-ग-प कळतं त्याला हे सगळं एका बैठकीत कळतं, म्हणून इथं सरगमीतच सांगतो. वेगळी गिटार विकत घ्यायची गरज नाही, घरातली साधी सहा तारांची चालते, फक्त तारा लोखंडी पाहिजेत, नायलॉनच्या नको.

आधी बार, म्हणजे तारांवर टेकवून सरकवायचा गोल दांडा. हे वाद्य ज्याच्या नावावर सांगतात तो जोसेफ केकुकू १८७४ ला ओआहू बेटावरच्या लाई गावात जन्मला, शाळकरी वयात त्यानं तारांवर लोखंडाचा तुकडा घासून सूर काढायला सुरुवात केली, आन पुढं होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेच्या वर्कशॉपमध्ये त्यानं स्वतःसाठी नीट स्टीलचा बार बनवून घेतला असं सांगतात. तुम्ही पण तेच करा. वाळूज, चिकलठाणा, लातूर, नांदेड, जिथं एमआयडीसी आहे तिथं लेथवाला असतोच, त्याला सांगा स्टेनलेस स्टीलचा गोल रॉड, जाडी १९ मिलिमीटर, लांबी ८ सेंटिमीटर, एक टोक गोळीसारखं गोल करून दे आन बफिंग मारून दे. वजन १८० ग्रॅमच्या आसपास भरतं, तेवढं वजन पाहिजेच, हलका बार तारेवर थरथरतो आन सूर पातळ निघतो. बार हातात आला की त्याच्यावरून नख फिरवा, कुठं जरा जरी अडकलं तर परत बफिंगला द्या, काहून तर तीच रेघ तारेवर खर्रखर्र आवाज करते.

दुसरं, तारा उचलायच्या. नटवर, म्हणजे खुंट्यांजवळ तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, बसणारी स्टीलची पट्टी मिळते, नट एक्स्टेंशन म्हणतात, ऑनलाइन स्वस्तात येते. तारा ढिल्या करायच्या, पट्टी सरकवायची, परत ताणायच्या. बार टेकवल्यावर तार फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या रेघेला, लागली नाही पाहिजे, बास. गिटार मांडीवर आडवी घ्या, उजव्या अंगठ्यात प्लास्टिकचा पिक आन दोन बोटांत लोखंडी पिक, सतारीची मिझराब घातलेली असेल तर सवय लगेच होते.

आता ट्यूनिंग. नेहमीच्या गिटारची सहावी (सगळ्यात जाड), पाचवी आन पहिली (सगळ्यात बारीक) तार एकेक स्वर, म्हणजे दोन-दोन फ्रेट, खाली उतरवा, बाकी तिन्हींना हात लावू नका. जाड तारेपासून बारीक तारेकडं वाजवलं तर येतं प सा प सा ग प. सा पांढरी पाचला. सगळ्या तारा खालीच येतात म्हणून तुटायची भीती नाही. सुरुवातीचे हवाईयन वादक हेच नातं एक स्वर वर, पांढरी सहाला लावायचे, त्याला लो बास ए म्हणतात. तिथं सहावी, पाचवी आन पहिली नेहमीच्याच सुरात राहतात आन मधल्या तिन्ही दोन-दोन फ्रेट वर चढतात, तर तारा नव्या असतील तरच करा. आन एक आपल्या भागापुरतं, एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत ताणलेली गिटार ठेवू नका, गोंद मऊ पडतो आन ब्रिज, म्हणजे तारा बांधलेली पट्टी, उचलायला लागतो, वाजवून झालं की तारा थोड्या ढिल्या करा.

तिसऱ्या तारेवर सा मोकळा आहे. दुसऱ्या फ्रेटला रे, चौथ्याला ग, पाचव्याला म, सातव्याला प, नवव्याला ध, अकराव्याला नि, बाराव्याला वरचा सा. बार फ्रेटच्या धातूच्या रेघेच्या बरोबर वर धरायचा, दोन फ्रेटच्या मध्ये नाही, नवीन माणूस इथंच बेसूर होतो. बारच्या मागं करंगळी आन तिच्या शेजारचं बोट तारांवर अलगद टेकवून ठेवा, नाहीतर मागची तार भुणभुण करत राहते. बार सरळ ठेवून कुठंही न्या, सा-ग-प सोबतच सरकतो, पाचव्या फ्रेटला म चा कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), सातव्याला प चा, आन निम्मी गाणी एवढ्यावर वाजतात. गाणारा काळी एकला गातोय तर सहाव्या फ्रेटला सा धरा आन तिथून हिशेब करा.

ह्या जुन्या ए कुटुंबातलीच दुसरी ट्यूनिंग म्हणजे हाय बास, सा ग प सा ग प. खालच्या तीन जाड तारांवर जे, तेच वरच्या तीन बारीक तारांवर, एक सप्तक वर. म्हणजे एकच ओळ खालून म्हणायची आन वरून उत्तर द्यायचं, भजनात मुख्य गायक आन कोरस असतो तसं. पण ह्यात सहावी तार पाच फ्रेट वर जाते, जाड तार तेवढी ताणायची नाही, तिथं पाचवीची तार लावा आन पाचवीच्या जागी चौथीची.

ही माणसं ऐकल्याशिवाय ट्यूनिंग हातात बसत नाही. फ्रँक फेरेरा ऐका, १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाईयन संगीताची लाट आली त्या काळात त्यानं खूप रेकॉर्डिंग केलं, बरंचसं बायको हेलन लुईस हिच्यासोबत, ती १९१९ च्या डिसेंबरमध्ये बोटीवरून बेपत्ता झाली. त्याचं वाजवणं साधं आहे, सरळ बार, स्वर ठेवायचा आन हळू हलवायचा, नवीन माणसानं ह्याचीच नक्कल करावी.

मग सोल होओपी. १९०२ चा जन्म, पोरगा असताना जहाजात लपून अमेरिकेला गेला. आधी ए मध्येच वाजवायचा, आत आवाज वाढवणारे तीन शंकू असलेली, धातूची नॅशनल कंपनीची गिटार, जॅझसारखं भरभर. मग १९३० च्या दशकात इलेक्ट्रिक आली आन त्याच्या हातातून सी शार्प मायनर नावाची ट्यूनिंग पुढं आली. कारण सरळ आहे, सा-ग-प लावलेल्या गिटारवर सरळ बारनं मेजर, म्हणजे शुद्ध ग चा कॉर्डच निघतो, मायनर, म्हणजे कोमल ग चा पाहिजे तर दोनच तारा घ्या नाहीतर बार तिरका धरा, आन भरभर वाजवताना तिरका बार धरणं लई अवघड. त्याची रचना बघा, पांढरी तीनला सा धरला तर प, कोमल नि, सा, ग, ध, सा. खालच्या चार तारांवर सेव्हन्थ, म्हणजे कोमल नि असलेला कॉर्ड, वरच्या चारांवर मायनर, बार सरळच. मला ह्या वादकाचं सगळ्यात जास्त कौतुक ह्याच्यासाठी वाटतं, त्यानं हाताची अडचण खुंटीवर सोडवली.

नंतर सी सिक्स आली आन ती सगळीकडं पसरली, जेरी बर्डसारख्या वादकांनी ती खूप वाजवली. तिचे स्वर सा ग प ध सा ग. नीट बघा, रे सोडला तर हा भूपच आहे, म्हणून आपल्या कानाला ती लगेच गोड लागते. बरेच जण विचारायलेत की सरळ हीच का नाही लावायची. माझं मत स्पष्ट आहे, आधी ए किंवा तिचं पांढरी पाचचं रूप पक्कं करा. सी सिक्समध्ये ध मध्येच बसलेला असतो, चुकीची तार छेडली तरी गोड वाजतं आन चूक कळतच नाही. ए मध्ये चुकलात तर कान लगेच सांगतो.

भारतात ही कला रुजवणाऱ्यांत ताऊ मोए मोठं नाव, सामोआत जन्मलेला हा वादक १९४० च्या दशकात कुटुंबासोबत कलकत्त्यात राहिला, तिथल्या गार्नी निस नावाच्या वादकाला त्यानं शिकवलं. पुढं व्हॅन शिप्लेंनी हिंदी गाणी ह्यावर वाजवली आन ब्रिजभूषण काब्रांनी ह्याच वाद्यावर पूर्ण राग मांडले.

सरावाला पहिला धडा म्हणून भूपातली एखादी ओळखीची ओवी किंवा अभंग घ्या, फक्त तिसऱ्या तारेवर, एकच तार, बार उचलायचा नाही, प्रत्येक स्वरावर पोचल्यावर थांबायचं आन पेटीवर तोच स्वर दाबून मिळवायचा. सा ते प पर्यंत स्वर न चुकता लागायला लागले की मग दुसरी तार जोडा, तिच्यावर ग मोकळाच आहे आन पहिल्या फ्रेटला म.