रक्ती आव घरात फिरू नये म्हणून

नागपूरच्या नंदनवन भागात माझी मेस आहे, रोजचे बावीस डबे. मागच्या पावसाळ्यात धाकट्याला रक्ती आव लागली. ताप, पोटात मुरडा, संडासात शेंब आणि रक्त. दोन दिवसांनी मोठीलाही. मी डबे बंद केले. आठवड्याची कमाई गेली, पण तेच हात कणकेत घालायची हिंमत झाली नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "पाणी उकळून नाही पीत का वं?" पितो ना! पाणी उकळावंच. पण ही आव लावणारा शिगेला नावाचा जंतू दहा ते शंभर एवढाच पोटात गेला तरी पुरतो. तेवढे नखाखाली मावतात. म्हणून घरात तो मुख्यतः हातानंच फिरतो.

आमची चूक नळाच्या चावीत होती. संडासातून येऊन त्याच हातानं चावी उघडायची, साबणानं हात धुवायचे आणि परत तीच चावी धरून बंद करायची. झालं, धुतलेलं वाया! आता हातांना साबण लावला की चावीलाही लावतो, वीस सेकंद बोटांच्या फटी-नखं चोळतो, मग हात आणि चावी सोबतच धुतो. आजाऱ्याचा टॉवेल वेगळा. संडासाची कडी, मगाची दांडी, फ्लशचं बटण रोज ब्लीचच्या पाण्यानं पुसायचं. फक्त ब्लीचमध्ये संडासाचं ऍसिड कधी मिसळू नका, विषारी वायू निघतो.

रक्त दिसलं की डॉक्टरकडेच जा. मेडिकलमधून संडास थांबवायची गोळी आणू नका, या आजारात ती घातक ठरू शकते. अँटिबायोटिकही मनानं नको. शिगेला बऱ्याच औषधांना दाद देत नाही. तोवर ओआरएस घोट-घोट पाजत राहा. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, तसाच सपाट अर्धा चमचा मीठ. लेकरू सुस्त पडलं, लघवी होईना, तर दवाखान्यात न्या, वाट पाहू नका.

जुलाब थांबल्यावरही किमान दोन दिवस आजाऱ्यानं स्वयंपाकाला हात लावायचा नाही. जंतू त्यानंतरही कित्येक दिवस पडत राहतात, म्हणून आमचा साबणाचा नियम महिनाभर तसाच राहिला.

माश्याही जंतू वाहतात, सगळं झाकून ठेवते. आणि पावसाळाभर तर्री-पोह्यांवर कच्चा सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरणं बंद केलं. मेसची पोरं अजून कुरकुरतात.