तुटपुंज्या निधीत ग्रामपंचायतीचा कारभार: सुरुवात टाकीपासून

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी भागातील ग्रामपंचायतीवर नव्याने निवडून आलेल्या सदस्याला पहिल्या सभेतच कळते की निधी थोडा आहे आणि त्यातला बराचसा आधीच बांधलेला आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या काळासाठी दिलेल्या अनुदानापैकी 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी राखून ठेवली होती, आणि उरलेल्या मोकळ्या रकमेतूनही पगार भागवता येत नव्हते. म्हणून नव्या कामांची यादी करण्याआधी जे आहे ते नीट चालते का, हे पाहावे.

त्यासाठी टाकीपासून सुरुवात करावी. वॉटरमनला सोबत घेऊन, पंप बंद असलेल्या एखाद्या रात्री अकरा वाजता टाकीतील पाण्याची पातळी मोजावी आणि पहाटे चार वाजता पुन्हा मोजावी. गाव झोपलेले असताना जे पाणी गेले, त्यातले बहुतेक गळतीचे असते. पन्नास हजार लिटरची टाकी पाचव्या हिश्शाने उतरली, तर दहा हजार लिटर वाया गेले, म्हणजे जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या हिशेबाने सुमारे 180 माणसांचे दिवसाचे पाणी. त्यानंतर एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करून हीच मोजणी केली की गळती कोणत्या गल्लीत आहे ते कळते. नवी बोअर मारण्यापेक्षा हे काम स्वस्त पडते आणि हेस्कॉमचे वीजबिलही उतरते. फक्त त्याचे उद्घाटन करता येत नाही, ही अडचण खरी.

उत्पन्नाची बाजू म्हणजे घरपट्टी. हिंडलगा, कंग्राळी अशा शहराला खेटून असलेल्या गावांत घरांवर मजले चढतात, पण नोंद मात्र जुनीच राहते. म्हणून पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून, म्हणजेच पीडीओंकडून, नोंदवही मागून घेऊन वॉर्डनिहाय प्रत्यक्ष पडताळणी करावी. मागणीची नोटीस कन्नडमध्ये येते आणि वयस्कर माणूस ती न वाचताच फळीवर ठेवतो. तिच्यासोबत रक्कम, मुदत आणि भरण्याचे ठिकाण सांगणारी अर्ध्या पानाची मराठी चिठ्ठी द्यावी, आणि जिथे ऊस होतो तिथे वसुलीचा दिवस ऊसबिल जमा होण्याच्या सुमारास ठरवावा. तक्रारीचा अर्ज मराठीत आला तर तो परत करू नये. राज्यघटनेच्या 350 व्या कलमाने नागरिकाला तो अधिकार दिलेला आहे.

कचरागाडी आणि पथदिव्यांबाबत शेजारच्या पंचायतीशी बोलून दुरुस्तीचा माणूस वाटून घेता येतो.

ग्रामसभेआधी वॉर्डसभा घ्यावी आणि तिथे मागील वर्षाचा जमाखर्च मराठीत वाचून दाखवावा. गळतीचे आकडे त्याच सभेत सांगावेत, कारण आपल्या गल्लीतून किती पाणी वाया जाते हे ऐकल्यावर पाणीपट्टीवरचा वाद निराळ्या सुरात होतो.